झाकण फुगलेली घेवड्याची बाटली: उकळून खायची की टाकायची?

गोडोलीकरीण (सातारा)

नमस्कार मंडळी. घरात यावरून दोन तट पडलेत, म्हणून सगळंच सविस्तर लिहिते.

यंदा मागच्या अंगणातला श्रावण घेवडा असा लागला की चार घरी वाटून, एक दिवसाआड भाजी करूनही टोपली रिकामी होईना. टोमॅटोची तीच गत. पुतणीने एक परदेशी व्हिडिओ दाखवला. त्यातली बाई शेंगा काचेच्या बाटल्यांत भरून ठेवते आणि वर्षभर वापरते. जॅमच्या, कॉफीच्या रिकाम्या बाटल्या मी टाकत नाही (ह्यांच्या भाषेत "माझं भंगाराचं दुकान"). म्हटलं, आता उपयोग होईल.

गणपती गेल्यावरच्या रविवारी बसले. शेंगा मोडून सहा बाटल्या भरल्या, वर मिठाचं पाणी. टोमॅटोच्या सात. त्यात कांदा, लसूण आणि तेलाची फोडणीही घातली, म्हणजे ऐनवेळी नुसतं गरम केलं की झालं. मोठ्या पातेल्यात तळाला फडकं टाकून सगळ्या बाटल्या २० मिनिटं उकळल्या. गार होताना झाकणं टक् टक् वाजली तेव्हा काय आनंद झाला होता!

आज अकरावा दिवस. शेंगांच्या एका बाटलीचं झाकण मधोमध वर आलंय आणि पाणी गढूळ दिसतंय. बाकीच्या पाच छान आहेत. हे म्हणतात, "लोणच्यासारखं आंबलं असेल, उकळून खाऊ." सासूबाई म्हणतात, "माणसांनी नको, म्हशीला घाल." काय करू? आणि वेलावर अजून शेंगा आहेत त्यांचं काय?

खारवलेला

आमच्याकडे असले लाड नसतात. पुढच्या वेळी मीठ डबल घाला, काही होत नाही.

बाटलीवाला (सांगली)

ताई, आधी हे करा: ती बाटली उघडू नका, वास घेऊ नका, चव तर मुळीच बघू नका. आणि म्हशीला घालू नका. या विषाने जनावरंही दगावतात.

फळप्रक्रियेच्या कारखान्यात २६ वर्षं काढली आहेत, म्हणून जरा अधिकाराने बोलतो. मातीत एक जिवाणू असतो, क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम. त्याचे बीजाणू (म्हणजे टणक कवचातलं त्याचं झोपलेलं रूप) शेंगांबरोबर घरात येतात. नुसत्या उकळत्या पाण्यात ते मरत नाहीत, तास-तास उकळा तरी. वर तुम्ही बाटलीतली हवा काढून झाकण घट्ट बसवलंत, आणि त्याला नेमकी हवा नसलेलीच जागा लागते. शेंगांना आंबटपणा नाही, म्हणजे त्याचं आयतंच घर झालं. तिथे तो वाढतो आणि विष तयार करतो. पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट) ४.६ च्या खाली असला तर तो वाढत नाही. शेंगा, मटार, मका, भेंडी हे सगळे त्या रेषेच्या वरचे.

दिसायला छान असलेल्या पाच बाटल्यांवर माझा जास्त राग आहे. फुगलेली निदान सांगते तरी. हे विष झाकण न फुगता, वास न येताही असू शकतं. खाल्ल्यावर साधारण १२ ते ३६ तासांत डोळ्यांना दोन-दोन दिसायला लागतं, पापण्या जड होतात, घास गिळवत नाही, पुढे श्वासच अडतो. असं काही वाटलं तर घरगुती उपाय करत बसू नये, थेट दवाखाना गाठावा.

व्हिडिओतली बाई बहुधा प्रेशर कॅनर, म्हणजे बाटल्या तापवायचं मोठं बंद भांडं, वापरत असणार. त्यात दाबाखाली १२१ अंशांपर्यंत जाता येतं. आपल्या शिट्टीच्या कुकरमध्ये करू का, हा पुढचा प्रश्न येणारच, म्हणून आधीच सांगतो: नको. शिट्टीला तेवढं तापमान येतं, पण कुकर लहान, लवकर तापतो आणि लवकर निवतो. कॅनरची ठरवलेली मिनिटं त्या मोठ्या भांड्याच्या सावकाश तापण्या-निवण्यासकट मोजलेली असतात.

खारवलेलादादा, लोणचं टिकतं ते मीठ, आंबटपणा आणि तेल मिळून. भाजीला घालतो तेवढ्या मिठाच्या पाण्याने काही होत नाही. आणि डबल मिठाच्या शेंगा खाणार कोण, तुम्ही?

गोडोलीकरीण (सातारा)

वाचून हातपाय गार पडले. सासूबाई बादली घेऊन निघाल्याच होत्या. टोमॅटो तर आंबट असतात ना, त्या सात बाटल्या तरी ठेवू?

बाटलीवाला (सांगली)

वाईट वाटतं सांगायला, पण त्याही नाहीत. टोमॅटो बरोबर त्या ४.६ च्या उंबरठ्यावर असतो. एखादा खाली, एखादा वर, आणि झाडावर फार पिकला की आंबटपणा आणखी उतरतो. त्यात तुम्ही कांदा, लसूण आणि तेल घातलंत.

पुढच्या खेपेला नुसता टोमॅटो घ्या. साल काढून, ठेचून, उकळून गरम गरम भरा. अर्ध्या लिटरच्या बाटलीला पाव टीस्पून सायट्रिक अ‍ॅसिड, म्हणजे आपलं लिंबूसत्त्व. घरच्या लिंबाचा रस नको, प्रत्येक लिंबाचा आंबटपणा वेगळा. वर अर्धा इंच जागा सोडा. झाकणं नवीन, कारण जॅमच्या जुन्या झाकणाचा रबर एकदा दबला की दुसऱ्यांदा नीट धरत नाही. पाणी बाटलीच्या डोक्यावर इंचभर राहू द्या आणि उकळी आल्यापासून ४० मिनिटं मोजा. फोडणी घालायची ती बाटली उघडल्यावर, कढईत.

पाचगणीचा माळी

४० मिनिटं का, ते मी सांगतो. पुस्तकातली ३५ मिनिटं समुद्रकाठची. साताऱ्यात पाणी १०० ला उकळतच नाही, साडेसत्त्याण्णवच्या आसपास उकळतं. आमच्याकडे तर ९६ लाच.

हे मी स्ट्रॉबेरीचं एक अख्खं पातेलं घालवून शिकलोय. जॅम १०५ अंशांना झाला असं कुठेतरी वाचलं, हौसेने थर्मामीटर आणला आणि १०५ ची वाट बघत बसलो. काटा काही चढेना, जॅमचा मात्र गूळ झाला. बायको अजून "चिक्की खाणार का?" विचारते. खरा हिशोब म्हणजे तुमच्या गावचं पाणी जिथे उकळतं त्याच्या चार-पाच अंश वर. आमच्याकडे १०० लाच जॅम तयार. आता गार बशीवर थेंब टाकून बोट फिरवतो, सुरकुती पडली की गॅस बंद.

हरिपूरच्या काकू

बाळा, एवढा जीव घाबरवून कशाला घ्यायचा. आमच्या गावात हळद जमिनीतल्या पेवांत वर्षानुवर्षं राहायची, तासगावकडचे द्राक्षांचा बेदाणा करतात, आणि तुमच्याच जिल्ह्यातला कोरेगावचा वाघ्या घेवडा पोत्यात वाळलेलाच तर येतो. वाळलं की टिकलं.

वेलावर राहिलेल्या शेंगा तोडूच नकोस. तिथेच पिकू दे, वाळू दे. शेंग हलवली की आतला दाणा खुळखुळला पाहिजे. मग सोलून दाणे डब्यात. कोवळ्या असतील त्या मोडून उकळत्या पाण्यात तीन मिनिटं, लगेच गार पाण्यात, निथळून सुती कापडावर. पण आत्ता वाळवू नको, हस्ताचा पाऊस कधी येईल भरवसा नाही, बुरशी धरेल. तोवर फ्रीजरमध्ये टाक. ऑक्टोबरचं ऊन पडलं की पुढच्या तोडणीच्या वाळव. मोडल्यावर काडीसारखी कट्ट वाजली की झाली. पावसाळ्यात रात्रभर भिजवून कांदा-लसूण मसाल्यात कर, आणि मग मला सांग.

गोडोलीकरीण (सातारा)

तेराच्या तेरा गेल्या. न उघडता दोन-दोन पिशव्यांत बांधून घंटागाडीत दिल्या आणि गाडीवाल्या दादांना सांगितलं की फोडू नका. फुगलेली बाटली किंचित पाझरत होती, ती बाटलीवालादादांनी मेसेज करून सांगितल्याप्रमाणे जुन्या पातेल्यात पाण्यात पूर्ण बुडवून अर्धा तास उकळली, मग टाकली. ओटा ब्लीचने पुसला. हे गप्प आहेत. सासूबाई मात्र "मी म्हटलंच होतं माणसांनी नको" म्हणून गल्लीत सांगत फिरतायत, म्हशीचं नावही काढत नाहीत.

काकू, वेल तसाच ठेवलाय. दादा, आज चार किलो टोमॅटो निघालेत, झाकणं नवीन आणली. ते पाव टीस्पून सपाट की शिगोशीग?

बाटलीवाला (सांगली)

सपाट. आणि मोजायचा चमचा घ्या, पोह्याचा नव्हे.