लिंक्डइनवरून वर्कशॉपला कामं कशी मिळवायची? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीत माझ्या दादाचं सीएनसी जॉबवर्कचं (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर गिऱ्हाइकाच्या ड्रॉइंगनुसार पार्ट बनवून द्यायचं) छोटं वर्कशॉप आहे. काम एक नंबर, पण सगळी भिस्त एकाच कंपनीच्या ऑर्डरवर. चाकण, रांजणगावचे परचेसवाले लिंक्डइनवर सापडतात, म्हणून तिथे उतरायचं ठरवलंय. कंपनी पेजवरून कनेक्शन रिक्वेस्ट जात नाही, ती दादाच्या प्रोफाइलवरूनच पाठवावी लागते. मग आधी जोर कशावर द्यावा? प्रोफाइलवर नावाखाली येणाऱ्या हेडलाइनच्या २२० अक्षरांत नुसतं 'प्रोप्रायटर' न लिहिता मशीन, मटेरियल, टॉलरन्स (मापात किती फरक चालतो ते) टाकले तर सर्चमध्ये फरक पडतो का? तयार पार्टचे फोटो टाकायची फार इच्छा आहे, पण ड्रॉइंग गिऱ्हाइकाचं. त्याला न विचारता टाकणं मला पटत नाही. अशा वेळी तुम्ही काय दाखवता? ज्यांना असं काम खरंच मिळालंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा.