शब्दचर्चा : घड्याळ ‘लावणे’, घड्याळ ‘जुळवणे’ आणि ‘पाथ’

प्रश्न : लिनक्स सर्व्हर सांभाळणाऱ्या नवख्या सहकाऱ्यांसाठी मराठीत सूचनापत्र लिहीत आहे. ‘टाइम सिंक्रोनायझेशन’साठी ‘कालसमन्वय’ आणि ‘पाथ’साठी ‘पथ’ हे शब्द योजले आहेत. ते योग्य आहेत का?

उत्तर : ‘कालसमन्वय’ शीर्षकात शोभेल, पण प्रत्यक्ष सूचनेत तो अपुरा पडेल, कारण संगणकाचे घड्याळ दोन अगदी वेगळ्या रीतींनी दुरुस्त होते आणि मराठीत त्या दोन्हींसाठी रोजच्या वापरातली क्रियापदे आहेत. घड्याळ एका झटक्यात योग्य वेळेवर आणले, तर ते ‘लावले’. त्याची चाल किंचित वाढवून वा मंदावून त्याला हळूहळू खऱ्या वेळेशी आणले, तर ते ‘जुळवले’. एनटीपीडी हा नेटवर्कवरून अचूक वेळ घेऊन घड्याळ दुरुस्त करणारा प्रोग्राम फरक १२८ मिलिसेकंदांच्या आत असेल तर घड्याळ जुळवतो, त्याहून मोठा फरक काही काळ टिकून राहिला तर ते लावतो, आणि फरक १००० सेकंदांच्या पुढे गेला तर काहीही न करता बंद पडतो. सुरू करताना ‘उणे जी’ हा पर्याय दिला असेल तरच एवढी मोठी उडी एकदा मान्य होते. जुळवण्याची कमाल गती सेकंदाला अर्धा मिलिसेकंद असल्यामुळे केवळ एका सेकंदाची पिछाडी त्या गतीने भरून काढायला २००० सेकंद, म्हणजे अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागतो. चालू डेटाबेसच्या सर्व्हरवर घड्याळ मागे ‘लावले’ तर आधीच्या नोंदीवर नंतरची वेळ पडते, म्हणून सूचनापत्रात ही दोन क्रियापदे एकमेकांच्या जागी येता कामा नयेत.

क्रोनी या त्याच कामाच्या दुसऱ्या प्रोग्रामच्या संरचना फाइलमधील ‘मेकस्टेप १.० ३’ ही ओळ याच भाषेत सहज सांगता येते : घड्याळाच्या पहिल्या तीन दुरुस्त्यांपर्यंत फरक एका सेकंदाहून जास्त आढळल्यास घड्याळ लावावे, त्यानंतर केवळ जुळवत राहावे.

वेळ देणारा सर्व्हर मूळ घड्याळापासून किती पायऱ्या दूर आहे हे सांगणाऱ्या ‘स्ट्रॅटम’साठी ‘स्तर’ पुरेसा आहे, पण ‘उच्च स्तर’ असे लिहू नये. येथे आकडा जितका लहान तितका सर्व्हर मूळ घड्याळाच्या जवळ, आणि १६ म्हणजे वेळ जुळलेलीच नाही.

आता ‘पाथ’. ‘पथ’ म्हटले की राजपथ आठवतो, हे एक. पण खरी अडचण अशी की मूळ शब्दच दोन गोष्टींसाठी वापरला जातो. एखादी फाइल कोठे आहे हे सांगणारा तो ‘मार्ग’, आणि आज्ञा टंकल्यावर शेल (आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्राम) ज्या डिरेक्टऱ्या डावीकडून उजवीकडे क्रमाने धुंडाळतो त्यांची यादी म्हणजे ‘शोधमार्ग’. शोधताना पहिला सापडेल तोच प्रोग्राम चालतो.

प्रतिप्रश्न : हा भेद नवख्या वाचकाला खरोखर लागेल का?

उत्तर : आपल्याच विषयात लागेल. डेबियन या लिनक्स प्रणालीवर एनटीपीडेट हा एकदाच वेळ विचारून घड्याळ दुरुस्त करणारा प्रोग्राम ‘/यूएसआर/एसबिन’मध्ये असतो, तर ठरलेल्या वेळी आज्ञा आपोआप चालवणाऱ्या क्रॉनला मूलतः मिळणाऱ्या शोधमार्गात ‘/यूएसआर/बिन’ आणि ‘/बिन’ एवढ्याच डिरेक्टऱ्या असतात. त्यामुळे रूटच्या, म्हणजे मुख्य प्रशासकाच्या, टर्मिनलवर बिनचूक चालणारी आज्ञा क्रॉनमध्ये गेली की ‘सापडली नाही’ असा संदेश येतो, आणि ‘पथ तपासा’ एवढीच सूचना वाचून बिचारा वाचक फाइल जागेवर आहे ना, हे पाहत बसतो. ती जागेवरच असते. ‘आज्ञेचा पूर्ण मार्ग लिहा किंवा क्रॉनटॅबच्या (क्रॉनच्या आज्ञा-यादीच्या) आरंभी शोधमार्ग स्पष्ट द्या’ असे लिहिले की दोन्ही उपाय वेगवेगळे कळतात. दुसऱ्या उपायात संपूर्ण यादी लिहावी लागते, कारण जुन्या शोधमार्गाला डॉलरचिन्ह लावून पुढे भर घालण्याची शेलमधील सोय क्रॉनटॅबमध्ये चालत नाही.

शिवाय एनटीपीडी चालू असताना मूळ, जुना एनटीपीडेट चालवलाच, तर १२३ क्रमांकाचा पोर्ट आधीच व्यापलेला असल्याने तो माघार घेतो. तेव्हा शोधमार्ग दुरुस्त करण्यापूर्वी ती क्रॉनची ओळ मुळात हवी आहे का, हे सूचनापत्रात आधी विचारावे.