स्टार खेळाडूसाठी होतकरू पोरं द्यावीत का? सोटोपासून मेसन मिलरपर्यंत

पेटकोपाशी (धागाकर्ता)

२०२५ च्या ३१ जुलैला आमच्या सॅन डिएगो पाड्रेज या बेसबॉल संघाने लिओ डी व्रीस हा १८ वर्षांचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) आणि तीन होतकरू पिचर (चेंडू टाकणारे) अथलेटिक्स संघाला देऊन टाकले. बदल्यात आला मेसन मिलर, ताशी १६० किलोमीटरच्या वर चेंडू टाकणारा रिलीव्हर (सामन्याच्या उत्तरार्धात येणारा बदली पिचर). सोबत जेपी सिअर्स हा डावखुरा पिचर. त्या दिवसापासून इथल्या मराठी मित्रमंडळींत जो वाद पेटला तो अजून चालू आहे, म्हणून हा धागा.

नव्या वाचकांसाठी थोडक्यात. बेसबॉलमध्ये खेळाडू मोठ्या लीगमध्ये आला की पहिली सहा वर्षं त्याच्यावर संघाचा हक्क असतो. त्यातली साधारण पहिली तीन वर्षं तो किमान पगाराच्या आसपास खेळतो (२०२५ मध्ये वर्षाला ७,६०,००० डॉलर). म्हणजे मायनर लीगमधला (मोठ्या लीगखालच्या तयारीच्या लीगमधला) गुणी पोरगा हाती असणं म्हणजे स्वस्तात सहा वर्षांचा खेळ. असा पोरगा देऊन तयार स्टार आणायचा का, हा प्रश्न.

माझं मत: आणायचा. अट एकच, स्टार दोन महिन्यांच्या पाहुणचारासाठी येत नसावा.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये पाड्रेजनी वॉशिंग्टनकडून हुआन सोटो आणला. सोटो २३ वर्षांचा होता. वॉशिंग्टनची १५ वर्षांसाठी ४४ कोटी डॉलरची ऑफर त्याने नाकारली होती. त्याच्यासोबत जॉश बेल आला. आम्ही दिले सीजे एब्रम्स, मॅकेन्झी गोर, रॉबर्ट हॅसल, जेम्स वुड, हार्लिन सुसाना आणि लूक वॉइट. त्याच ऑक्टोबरात, प्लेऑफमध्ये (सिझननंतरच्या बाद फेऱ्यांत), सिझनमध्ये १११ सामने जिंकलेल्या लॉस एंजेलिस डॉजर्सना आम्ही घरी पाठवलं. चौथ्या सामन्यात सातव्या इनिंगला आम्ही मागे होतो, सोटोच्या फटक्याने बरोबरी झाली आणि मग क्रोनेनवर्थने दोन धावा आणल्या. त्या रात्री मी पेटको पार्क या आमच्या मैदानाच्या वरच्या मजल्यावर होतो. शेजारी बसलेले अनोळखी आजोबा माझा खांदा धरून रडत होते. या शहराकडे एकही वर्ल्ड सिरीज (लीगचं अंतिम विजेतेपद) नाही, संघ १९६९ पासून आहे. अमेरिकन फुटबॉलचा चार्जर्स संघ २०१७ मध्ये लॉस एंजेलिसला निघून गेला. अशा गावाला "२०३० पर्यंत थांबा, पोरं तयार होतायत" असं सांगणं मला क्रूर वाटतं.

आकडेमोड

असहमत, आणि ठामपणे.

त्या रात्रीचं वर्णन वाचून मलाही भरून आलं, पण पुढचंही लिहा ना. त्यानंतरच्या मालिकेत फिलाडेल्फियाने आपल्याला ४-१ ने हरवलं. २०२३ मध्ये सोटो अख्खा सिझन खेळला, संघ ८२-८० (८२ विजय, ८० पराभव) वर थांबला, प्लेऑफसुद्धा नाही. डिसेंबरात तो न्यूयॉर्क यांकीजकडे गेला. म्हणजे हाती आला दीड सिझनहून कमी.

आणि दिलं काय? एब्रम्स २०२४ चा ऑल-स्टार (त्या वर्षीच्या निवडक सर्वोत्तम खेळाडूंपैकी). गोर आणि वुड २०२५ चे ऑल-स्टार. वुडने २०२५ मध्ये ३१ होमरन (क्रिकेटमधल्या षटकारासारखे फटके) मारले. त्याच जूनमध्ये एका सामन्यात प्रतिस्पर्ध्यांनी त्याला चार वेळा मुद्दाम वॉक दिला (फटका मारू न देता पहिल्या बेसवर सोडलं), बॅरी बॉन्ड्स या दिग्गज फलंदाजानंतर असा मान कुणाच्या वाट्याला आला नव्हता. हा पोरगा २०३० पर्यंत वॉशिंग्टनच्या हक्कात आहे.

आपल्याकडे म्हणतात, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये. इथे हातचं कोण होतं ते सांगा.

पेटकोपाशी

हातचं म्हणजे सोटो. २३ व्या वर्षी ज्याच्या नावावर वर्ल्ड सिरीज आहे तो हातचा. वुड तेव्हा लेक एल्सिनोरला, आमच्या मायनर लीग संघात, खालच्या ए पातळीवर खेळत होता. मी त्याला तिथे पाहिलंय. दोन मीटर उंचीचा मुलगा, चेंडू बॅटला लागला की आवाज वेगळाच यायचा. मला तो फार आवडायचा. तरीही त्या पातळीवरची किती पोरं वरपर्यंत पोचतात हे तुम्हालाही माहीत आहे.

२०२३ चं खापर सोटोच्या माथी नको. तो सगळे १६२ सामने खेळला, ३५ होमरन मारले, १३२ वॉक घेतले. संघ एका धावेच्या फरकाच्या सामन्यांत ९-२३ होता आणि जादा इनिंगांत २-१२. शेवटच्या इनिंगा हातातून निसटत होत्या, त्याला सोटो काय करणार? मिलर हवा होता तो याचसाठी.

डीसीवासी

ज्यांना ती पोरं मिळाली त्या गावातून लिहिते आहे.

आकडेमोड, तुम्ही दिलेली यादी खरी आहे. वुडला बॅटिंग करताना बघणं हे सुख आहे. पण २०२५ मध्ये आमचा संघ ६६-९६ होता, विभागात तळाला. जुलैमध्ये जनरल मॅनेजर माइक रिझो आणि मॅनेजर डेव्ह मार्टिनेझ दोघांनाही काढलं. म्हणजे तीन वर्षं झाली, तीन ऑल-स्टार मिळाले, आणि आम्ही तिथेच. घेतलेल्या पोरांभोवती संघ उभा करावा लागतो. पिचर आणावे लागतात, पैसा ओतावा लागतो. ते न करता नुसती पोरं जमवली की प्रेक्षकाला दरवर्षी "पुढल्या वर्षी" एवढंच ऐकायला मिळतं.

आणि एक गोष्ट हिशेबात धरली जात नाही. सोटो आमचा होता. २०१९ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, ऐन मालिकेत तो २१ वर्षांचा झाला. माझी मुलगी तेव्हा दुसरीत होती, २२ नंबरचा शर्ट घालूनच झोपायची. तो गेला त्या संध्याकाळी तिने शर्ट घडी करून कपाटात ठेवला. नंतर कुणाच्याच नावाचा शर्ट मागितला नाही.

शिकागो उत्तर

२०१६. आमच्या कब्जनी ग्लेबर टोरेससकट चार जण यांकीजना दिले आणि अरोल्डिस चॅपमन हा रिलीव्हर घेतला, तोही फक्त उरलेल्या सिझनपुरता. टोरेस पुढे तीनदा ऑल-स्टार झाला, २०१९ मध्ये ३८ होमरन. कब्ज १९०८ नंतर पहिल्यांदा वर्ल्ड सिरीज जिंकले. या शहरात कुणालाही विचारा, टोरेस परत हवाय का म्हणून.

डेट्रॉइटचे काका

तुमच्या वाक्याला हरकत नाही, कारण तुम्ही जिंकलात. आता न जिंकलेल्यांचं ऐका.

१९८७ च्या ऑगस्टमध्ये आमच्या टायगर्सनी ३६ वर्षांचा डॉइल अलेक्झांडर हा पिचर अटलांटाकडून आणला. मी इथे येऊन दुसरंच वर्ष होतं, खेळ नुकता कळू लागला होता. अलेक्झांडर आमच्याकडून ९-० गेला. एकही हार नाही! टोरोंटोला मागे टाकून आम्ही विभाग जिंकलो आणि मला वाटलं, याहून शहाणा सौदा झालाच नाही. मग प्लेऑफमध्ये मिनेसोटाने पाच सामन्यांत गुंडाळलं. अलेक्झांडर त्यात दोन्ही सामने हरला.

दिलेला पोरगा वीस वर्षांचा होता. मिशिगनचाच, टायगर्स बघत वाढलेला. जॉन स्मोल्ट्झ. पिचर म्हणून २१३ विजय, १५४ सेव्ह (शेवटी येऊन आघाडी राखलेले सामने), १९९५ ची वर्ल्ड सिरीज, २०१५ मध्ये हॉल ऑफ फेम (दिग्गजांचा सन्मान). जवळजवळ सगळं अटलांटाच्या नावावर. वीस वर्षं मी त्याला टीव्हीवर दुसऱ्यांच्या टोपीत बघत होतो. पेटकोपाशी, तुमची ती ऑक्टोबरची रात्र मला समजते, माझ्याकडेही तसा सप्टेंबर आहे. पण एका सप्टेंबरची किंमत वीस वर्षं असू नये.

आकडेमोड

काकांना +१. आणि हेच मिलरला लावतो. सोटो निदान रोज खेळायचा. रिलीव्हर एक इनिंग टाकतो, तीही रोज नाही. अशा माणसासाठी १८ वर्षांचा शॉर्टस्टॉप? डी व्रीस १७ व्या वर्षी लेक एल्सिनोरला आपल्याहून तीन-चार वर्षांनी मोठ्या पिचरांसमोर उभा राहत होता. मिलर असूनही २०२५ मध्ये आपण पहिल्याच फेरीत कब्जकडून हरलो.

पेटकोपाशी

काका, तुमचं मान्य. अलेक्झांडर हा नेमका तो दोन महिन्यांचा पाहुणा, ज्याच्यासाठी मीही वुड दिला नसता. चॅपमनसुद्धा तसाच होता, शिकागोचं नशीब फळलं म्हणून आज बोलायला सोपं. मिलर मात्र २०२९ पर्यंत आमच्या हक्कात आहे. चार ऑक्टोबर अजून बाकी आहेत.

आकडेमोड, सोटोचा हिशेब तुम्ही अर्ध्यावर सोडलात. तो यांकीजकडे गेला तेव्हा बदल्यात मायकल किंग आणि ड्रू थॉर्पसकट पाच जण आले. किंग या पिचरने २०२४ मध्ये २०१ वेळा स्ट्राइकआउट केलं (तीन स्ट्राइकवर फलंदाज बाद केला). थॉर्प शिकागो व्हाइट सॉक्सला देऊन डिलन सीझ हा पिचर आणला. त्या वर्षी ९३ विजय, पुन्हा प्लेऑफ. स्टार विकला तरी त्याची किंमत येते. मायनर लीगमधला पोरगा खांदा दुखावून घरी बसला तर काहीच हाती लागत नाही.

डीसीवासी

सीझचं नाव काढलंत म्हणून सांगते. २०२४ च्या २५ जुलैला त्याने नो-हिटर टाकला तो वॉशिंग्टनविरुद्ध, इथेच आमच्या मैदानावर. वुडला वर येऊन महिनाही झाला नव्हता. मी मुलीला घेऊन गेले होते, ती खूप दिवसांनी यायला तयार झाली होती. आमच्या संघाला एकही हिट नाही. तरी शेवटच्या आउटपर्यंत ती उठली नाही. परत येताना मेट्रोत विचारलं, वुडचा नंबर किती गं?

डेट्रॉइटचे काका

२९. शर्ट घेऊन द्या तिला.