मदत हवी आहे: ड्युरँट वॉरियर्सच्या कॅपमध्ये बसला कसा? हिशोब जुळत नाहीये (तातडीचं)

फास्टब्रेक_सातारा
शनिवारच्या आत उत्तर हवंय, म्हणून थेट आकडे देते. एनबीएमधल्या (अमेरिकेतली बास्केटबॉल लीग) वॉरियर्स टीमच्या चौघांचे पगार: करी १२.१, क्ले १६.७, ड्रेमंड १५.३, ड्युरँट २६.५, सगळे मिलियन डॉलरमध्ये. बेरीज ७०.६. कॅप, म्हणजे टीमच्या एकूण पगारांची मर्यादा, ७०. चौघांतच कॅप संपला, वर सहा लाख जास्तच गेले. मग इग्वोडाला, लिव्हिंग्स्टन आणि अख्खी बेंच कुठल्या पैशात आली? कुणी म्हणतं बर्ड राइट्स (आपल्याच खेळाडूला कॅपच्या वर जाऊन ठेवण्याची सूट), कुणी म्हणतं लक्झरी टॅक्स (जास्त पगार दिल्याचा दंड) भरून मोकळे झाले. दोन्हीने गणित सुटत नाही. काय झालं ते क्रमाने सांगा. 'गूगल करा' म्हणू नका, करून झालंय.

पेंटमधला_पाटील
कुठल्या सीझनचं विचारताय? आणि कशासाठी हवंय? त्यावर उत्तर ठरेल.

फास्टब्रेक_सातारा
ड्युरँट आला तेव्हाचं. अजून कुठलं असणार?

कॅपचा_हिशोबनीस
घोळ तिथेच आहे. पगार तुम्ही २०१६-१७ चे घेतलेत आणि कॅप २०१५-१६ चा. ७० हा आदल्या वर्षीचा आकडा. ड्युरँटने ४ जुलै २०१६ ला निर्णय जाहीर केला, सही त्यानंतर झाली, म्हणजे मोजायचा नव्या वर्षाचा कॅप: ९४.१४. एका उन्हाळ्यात २४ मिलियनची उडी. एनबीएच्या इतिहासात एवढी उडी त्याआधी कधीच नव्हती.

उडी का, तर टीव्हीचा नवा करार. ९ वर्षं, २४ अब्ज डॉलर, सुरुवात २०१६-१७ पासून. कॅप लीगच्या उत्पन्नावरून ठरतो, त्यामुळे तो पैसा एकदम आत आला. लीगने आधी सुचवलं होतं की वाढ थोडी थोडी करत नेऊ. खेळाडूंच्या युनियनने नकार दिला.

फास्टब्रेक_सातारा
बरं, ९४. तरी बेंच बसत नाही. बोगटच ११ चा आहे.

कॅपचा_हिशोबनीस
बोगट राहिलाच नाही, म्हणून बसलं. क्रम असा आहे, आणि क्रम चुकला तर हा सौदा होत नाही:

आधी हॅरिसन बार्न्स. तो रिस्ट्रिक्टेड फ्री एजंट होता, म्हणजे करार संपलेला, पण दुसऱ्या टीमच्या ऑफरची बरोबरी करून वॉरियर्स त्याला ठेवू शकत होते. तो हक्क राखणारी क्वालिफाइंग ऑफर मागे घेतली, हक्क सोडले. हक्क सोडेपर्यंत खेळाडूच्या नावाने कॅपमध्ये रक्कम अडकून राहते, त्याला कॅप होल्ड म्हणतात. तो टीममध्ये नसला तरी जागा खातो. एझीलीचंही तेच केलं. मग बोगटला डॅलसला पाठवलं. बार्न्सही डॅलसलाच गेला, ४ वर्षांच्या साधारण ९४ मिलियनवर.

आता बेरीज करा. तुमचे चौघे ७०.६, इग्वोडाला ११.१, लिव्हिंग्स्टन ५.८. झाले ८७.५. लूनी आणि नवा रुकी (पहिल्याच वर्षाचा खेळाडू) डेमियन जोन्स मिळून साधारण २.३५. हे आठ जण. बारापेक्षा कमी खेळाडू असतील तर प्रत्येक रिकाम्या जागेला रुकीच्या किमान पगाराइतका बोजा मोजतात, तेव्हा तो ५.४३ लाख होता. चार जागांचे २.२. एकूण ९२ च्या आसपास. ९४.१४ च्या आत बसलं. बोगटचे ११ यात घालून बघा, लगेच फुटतं.

ड्युरँटची सही झाली की पुढचं सोपं, कारण एनबीएचा कॅप मऊ आहे, ठरावीक सवलतींनी तो ओलांडता येतो. रूम एक्सेप्शन ही तशीच एक सवलत, तिचे २.९ पाचुलियाला दिले. डेव्हिड वेस्ट, जावेल मॅगी किमान पगारावर आले. किमान पगाराच्या सह्या कॅपच्या वर जाऊनही करता येतात. तुमची 'बेंच कुठल्या पैशात' ती या पैशात. बर्ड राइट्सचा ड्युरँटशी संबंध नाही. ते ओकेसीकडे (ओक्लाहोमा सिटी, त्याची जुनी टीम) होते.

मिडरेंज_मास्तर
सगळ्यात मोठी गोष्ट हिशोबनीसांनी नुसती बेरजेत टाकली. करीचे १२.१. ऑक्टोबर २०१२ मध्ये, घोट्याच्या दुखण्यामुळे भविष्य अनिश्चित असताना, त्याने ४ वर्षांचे ४४ मिलियन मान्य केले. २०१५ आणि २०१६ असा सलग दोनदा एमव्हीपी (सीझनचा सर्वोत्तम खेळाडू) झालेला माणूस त्या टीममध्ये पगारात चौथा होता. करीला बाजारभाव द्यावा लागला असता तर ड्युरँट आलाच नसता. २०१७ मध्ये त्याने ५ वर्षांचे २०१ घेतले, त्यावरून फरक कळेल.

बॉक्सआउट
हिशोब राहू द्या बाजूला. ओकेसी २०१६ च्या वेस्टर्न फायनलमध्ये ३-१ ने पुढे होती. सहावा सामना घरच्या कोर्टवर. क्लेने ११ थ्री (तीन गुणांचे शॉट) मारले, सामना गेला, मग सातवाही गेला. ज्या टीमने तुला हरवलं, जी ७३-९ (७३ विजय, ९ पराभव) होती, तिच्याकडेच काही आठवड्यांनी जायचं? कॅपमध्ये बसतं म्हणून ते बरोबर ठरत नाही.

पेंटमधला_पाटील
त्याचा करार संपला होता. मोकळा माणूस कुठेही जाईल. टीम खेळाडूला न विचारता रातोरात ट्रेड करते तेव्हा निष्ठा आठवत नाही कुणाला. फेब्रुवारी २०२५ मध्ये डॅलसने आपला स्टार लुका असाच ट्रेड करून काढला, आदल्या वर्षी तो त्यांना फायनलला घेऊन गेला होता.

बॉक्सआउट
लुकाचं उदाहरण इथे लागू नाही. टीम चुकीचं वागते म्हणून खेळाडूचा प्रत्येक निर्णय योग्य होत नाही. जाण्याचा हक्क त्याला आहेच. माझा प्रश्न त्याने लीगमधल्या चुरशीचं काय केलं हा आहे. २०१७ चे प्लेऑफ वॉरियर्सने १६-१ असे संपवले.

गच्चीवरचा_हूपर
आयपीएलमध्ये हे होत नाही कारण तिथे लिलाव आहे. खेळाडूने कुठे जायचं ते पर्स ठरवते. २०२५ च्या लिलावात पंत २७ कोटींना गेला, १२० कोटींच्या पर्समधून. एनबीएनेही लिलाव आणावा.

कॅपचा_हिशोबनीस
एनबीएत युनियनशी सामूहिक करार असतो. लिलाव आला तर खेळाडूचा शहर निवडण्याचा हक्क जातो, आणि तो कोर्टकचेऱ्या करून मिळालाय. खेळाडू ऑस्कर रॉबर्टसनचा लीगवरचा दावा १९७६ मध्ये मिटला, अनिर्बंध फ्री एजन्सी (करार संपल्यावर कुठेही जाण्याची मुभा) १९८८ मध्ये आली. युनियन हे परत देणार नाही. धागा भरकटतोय. धागाकर्त्या, तुम्हाला हे कशासाठी हवंय ते अजून सांगितलं नाहीत.

फास्टब्रेक_सातारा
कॉलेजची वादविवाद स्पर्धा आहे. विषय 'अजिंक्यपदासाठी महान खेळाडूंनी प्रतिस्पर्ध्यांशी हातमिळवणी करावी'. वॉरियर्सनी नियम मोडला हाच माझा मुख्य मुद्दा होता, म्हणून आकडे हवे होते.

कॅपचा_हिशोबनीस
हे पहिल्याच ओळीत हवं होतं. तो मुद्दा सोडून दे. नियम मोडलेला नाही आणि समोरच्याला ९४ चा आकडा माहीत असेल तर तू पहिल्या मिनिटात अडकशील. बाजू कुठली, अनुकूल की प्रतिकूल?

फास्टब्रेक_सातारा
प्रतिकूल. सहा मिनिटं बोलायचं, मग दोन मिनिटं खंडन. हे आधी सांगायला हवं होतं का?

मिडरेंज_मास्तर
हो. प्रतिकूल असेल तर नीतीवर फार वेळ घालवू नकोस, परीक्षक दोन्हीकडे डोलतात. 'चालतं का' यावर ये. ब्रुकलिन घे. ड्युरँट आणि अर्विंग २०१९ मध्ये आले, हार्डन जानेवारी २०२१ मध्ये. तिघे मिळून नियमित सीझनचे फक्त १६ सामने एकत्र खेळले. हार्डन फेब्रुवारी २०२२ मध्ये फिलाडेल्फियाला, बाकी दोघे फेब्रुवारी २०२३ मध्ये डॅलस आणि फिनिक्सला. अजिंक्यपद शून्य. फिनिक्सला ड्युरँट, बुकर, बील झाले: २०२४ मध्ये पहिल्याच फेरीत मिनेसोटाकडून ४-०, पुढच्या वर्षी ३६-४६ आणि प्लेऑफच नाही.

कारण प्रत्येक वेळी तेच. तीन मॅक्स (नियमाने देता येणाऱ्या सर्वाधिक) पगारांत पैसा संपतो आणि ट्रेडमध्ये मधली फळी जाते. मग एक स्टार जखमी झाला की सातव्या-आठव्या खेळाडूला ३० मिनिटं खेळवावी लागतात, आणि तो किमान पगारावरचा असतो. शिवाय चेंडू एकच. सीझनभर चेंडू हातात ठेवून खेळणाऱ्या तिघांपैकी दोघांना कोपऱ्यात उभं राहून थ्रीची वाट बघायला लागते, आणि ते सगळ्यांना जमत नाही. मायामीत ते बॉशने केलं. पोस्टमधला (बास्केटजवळचा) खेळ सोडून तो बाहेर सरकला, म्हणून ती टीम चालली.

पेंटमधला_पाटील
फसलेलीच उदाहरणं मोजताय. मायामी ४ वर्षांत ४ फायनल, २ रिंग (अजिंक्यपदं). बॉस्टन २४-५८ वरून एका उन्हाळ्यात ६६-१६ आणि २००८ ची रिंग. वॉरियर्स २०१७ आणि २०१८. समोरचा हेच वाचणार. तिला ते ऐकून बसू द्यायचंय का?

मिडरेंज_मास्तर
बॉस्टन ट्रेडने जमवलं. गार्नेटसाठी पाच खेळाडू आणि पहिल्या फेरीचे दोन पिक (नवे खेळाडू निवडण्याचे हक्क) दिले. खेळाडूंनी फोनाफोनी करून केलेली ती टीम नव्हती, ती 'हातमिळवणी'च्या यादीत घालू नका. मायामी घाला, ते खरं उदाहरण. लेब्रॉन, वेड, बॉश तिघांनी मिळू शकत होता त्यापेक्षा कमी पगार घेतला, लेब्रॉनने पहिल्या वर्षी १६.६ ऐवजी १४.५. त्याच फरकातून हॅस्लेम आणि माइक मिलर परवडले. बीझलीला मिनेसोटाला देऊन जागा काढली.

बॉक्सआउट
आणि जॉर्डनचं वाक्य घे. २०१० मध्ये तो म्हणाला होता की मी बर्ड आणि मॅजिकला फोन करून एकत्र या म्हटलं नसतं, मला त्यांना हरवायचं होतं.

पेंटमधला_पाटील
घे, आणि पुढच्या मिनिटाला रॉडमन अंगावर घे. पिस्टन्सनी १९८८, ८९, ९० असं सलग तीन वर्षं जॉर्डनला प्लेऑफमधून बाहेर काढलं. त्या टीममधला रॉडमन १९९५ मध्ये जॉर्डनच्या बुल्समध्ये आला आणि तीन रिंग आल्या.

बॉक्सआउट
रॉडमन सॅन अँटोनियोमधून विल पर्ड्यूच्या बदल्यात ट्रेडने आला. तोवर पिस्टन्सची ती टीम संपून वर्षं झाली होती. जॉर्डन पिस्टन्सकडे गेला नाही, उलट १९९१ मध्ये त्यांना ४-० हरवून मग पुढे गेला. हा फरक नीट मांडलास तर रॉडमन तुझ्याच बाजूने बोलतो.

एक_रिम_दोन_नेट
मला वाटतं सेकंड एप्रनवर, म्हणजे कॅपच्या बऱ्याच वरच्या पगाराच्या कडक रेषेवर, बोलायला हवं. २०२३ च्या करारानंतर या रेषेच्या वर गेलं की ट्रेडमध्ये दोन खेळाडूंचे पगार एकत्र धरता येत नाहीत, रोख पैसे देता येत नाहीत, टॅक्सवाल्या टीमचं मिडलेव्हल एक्सेप्शन (कॅपच्या वर जाऊन खेळाडू घेण्याची सूट) जातं आणि सात वर्षांनंतरचा पहिल्या फेरीचा पिक गोठतो, म्हणजे ट्रेड करता येत नाही. २०२५-२६ चा कॅप १५४.६, सेकंड एप्रन २०७.८. अनुभवी सुपरस्टारचा मॅक्स कॅपच्या ३५ टक्के, म्हणजे ५४.१. असे दोन आणि ३० टक्केवाला एक धरला तर तिघांत १५४.६, अख्खा कॅप. एप्रनपर्यंत उरले ५३, त्यात अकरा-बारा जण बसवायचे.

फास्टब्रेक_सातारा
हे २०१६ ला लागू होतं?

एक_रिम_दोन_नेट
नाही. तेव्हा एकच एप्रन होता आणि इतका कडक नव्हता. शिवाय आता कॅप वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढू देत नाहीत. नवा टीव्ही करार ७६ अब्जांचा असूनही २०२५ मध्ये कॅप बरोबर १० टक्केच वाढला. २०१६ सारखी उडी आता नाही.

कॅपचा_हिशोबनीस
विचारलं नव्हतं, पण उपयोगाचं आहे. खंडनात वापर. समोरचा वॉरियर्स आणेल तेव्हा सांग की ते यश दोन गोष्टींमुळे मिळालं, कॅपची एकदाच आलेली उडी आणि करीचा स्वस्त करार, आणि त्या दोन्ही पुन्हा जुळवता येत नाहीत.

मिडरेंज_मास्तर
शेवटचं मिनिट क्लिपर्सला दे. २०१९ मध्ये क्वाय लेनर्ड यायला तयार झाला, अट अशी की पॉल जॉर्ज हवा. जॉर्जसाठी ओकेसीला शे गिल्जस-अलेक्झांडर, गॅलिनारी आणि पहिल्या फेरीचे पाच पिक दिले. त्यातल्याच एका पिकवर ओकेसीने २०२२ मध्ये बाराव्या क्रमांकाला जेलन विल्यम्स घेतला. शे २०२५ चा एमव्हीपी आणि फायनल्स एमव्हीपी, ओकेसी अजिंक्य. क्लिपर्स एकदाही फायनलला पोचले नाहीत आणि जॉर्ज २०२४ मध्ये फुकटात फिलाडेल्फियाला निघून गेला. तुझ्या बाजूचं यापेक्षा भक्कम उदाहरण नाही.

फास्टब्रेक_सातारा
क्लिपर्स घेतेच. सुरुवात अशी केली तर चालेल का: '२०१० मध्ये लेब्रॉनने आणि २०१६ मध्ये ड्युरँटने आपल्याला हरवणाऱ्यांशीच हातमिळवणी केली'?

बॉक्सआउट
चालणार नाही. लेब्रॉनला २०१० मध्ये बॉस्टनने हरवलं होतं, मायामीने नव्हे. मायामी पहिल्याच फेरीत बाहेर होती. दोघांना एका वाक्यात घेऊ नकोस, ड्युरँट एकटाच ठेव.

गच्चीवरचा_हूपर
पण लिलाव आला असता तर हा वादच...

कॅपचा_हिशोबनीस
लिलावासाठी वेगळा धागा काढा. फास्टब्रेक, पगारांचे आकडे कार्डावर लिहिताना प्रत्येकासमोर सीझन लिही.