मदत हवी आहे: बल वाढवलं की वरच्या ठोकळ्याचं त्वरण कमी होतं?

घर्षणाच्या एका गणितात अडकलोय. गुळगुळीत जमिनीवर ३ किलोचा ठोकळा, त्यावर २ किलोचा. दोघांमधला स्थितिक घर्षणांक (घसरणं सुरू होण्याआधीचा) ०.४, गतिक (घसरत असतानाचा) ०.३. खालच्या ठोकळ्याला आडवं बल लावतोय. g (गुरुत्वीय त्वरण) = १० मी/से² धरलंय, हवेचा रोध नाही, सुरुवातीला दोन्ही स्थिर.

वरच्याला पुढे नेणारं बल फक्त घर्षणाचं, आणि स्थितिक घर्षण जास्तीत जास्त ८ न्यूटन. म्हणजे २० न्यूटनपर्यंत दोघे एकत्र जातात. १९ न्यूटनला दोघांचं त्वरण ३.८ येतं. २१ न्यूटनला मात्र वरचा घसरतो, घर्षण ६ न्यूटनवर उतरतं आणि त्याचं त्वरण एकदम ३ होतं, खालच्याचं ५. दोन्ही ठोकळ्यांच्या स्वतंत्र आकृत्या काढून ताळा केला: २×३ + ३×५ = २१, बरोबर जुळतं. त्यामुळे आकडेमोडीबद्दल शंका नाही.

खरी अडचण पुढे आहे. घसरणं चालू असतानाच बल २१ वरून १९ वर आणलं, तर वरचा ३ नेच जातो आणि खालचा साधारण ४.३३ ने, म्हणजे घसरणं थांबतच नाही. त्याच १९ न्यूटनला दोन वेगळी उत्तरं! माझ्या हिशेबाने बल १५ च्या खाली गेल्याशिवाय वरच्याचा वेग खालच्याच्या वेगाला गाठूच शकत नाही.

नुसतं उत्तर नको, कारण समजून घ्यायचंय. १५ ते २० न्यूटनच्या पट्ट्यात उत्तर खरंच आधीच्या स्थितीवर अवलंबून असतं का? आणि त्वरणातली ही उडी प्रत्यक्ष प्रयोगात दिसते, की घर्षणाचे दोनच ठरावीक गुणांक धरल्यामुळे ती फक्त कागदावर येते?