स्वमग्न मुलाला पोहायला शिकवायचंय, पण "ढकलून द्या" पटत नाही

बुडबुडे:
मुलगा सात वर्षांचा, स्वमग्न. बोलतो मोजकंच. पाण्याचं वेड इतकं, की नळ सुरू असला की बादलीपासून हलत नाही. पण तरण तलावावर नेलं की दोन्ही कानांवर हात! शिट्ट्या, घुमणारा आवाज, पोरांचा कल्ला. क्लासचे सर म्हणतात, "एकदा आत सोडा, दोन दिवस रडेल, मग येईल." घरातली मोठी माणसंही तेच म्हणतात. माझं मन धजत नाही. शिकवायचं तर आहेच, कारण पाणी दिसलं की हा हात सोडवून पळतो. कोणी सावकाश शिकवलंय का?

काठावरची_मावशी:
अजिबात सोडू नका. मी विशेष मुलांनाच शिकवते. एकदा धसका बसला की तो काढता काढता नाकी नऊ येतात.

माझी पद्धत हॅलिविकची. जेम्स मॅकमिलन नावाच्या इंजिनिअरने १९४९-५०च्या सुमारास लंडनच्या हॅलिविक शाळेतल्या अपंग मुलींसाठी ती बसवली. एका मुलामागे एक शिक्षक, तोही पाण्यात. हातपाय मारणं फार पुढचं. आधी फुंकर. मी खांद्यापर्यंत पाण्यात बसते, म्हणजे आमचे डोळे समोरासमोर येतात. मध्ये प्लास्टिकचा हलका चेंडू. तो फुंकून माझ्याकडे ढकलायचा. मग ओठ पाण्याला टेकवून बुडबुडे. तोंडावर पाणी आलं की दचकून श्वास आत ओढला जातो, तिथे बाहेर सोडायची सवय लागते. शिवाय फुंकताना डोकं पुढे येतं, त्यामुळे मूल मागे कलंडत नाही. हे जमलं की उताणं तरंगायचं आणि आपलं आपण परत उभं राहायचं. तुमच्या पळणाऱ्या लेकाला फ्रीस्टाइलपेक्षा हे आधी यायला हवं.

दंडात घालायचे फुगे मात्र नकोत. हे माझं ठाम मत, इथे वाद घाला हवं तर. फुग्यांवर तरंगलेल्या मुलाला वाटतं की पाणी आपल्याला धरून ठेवतं. उद्या तो फुग्यांशिवाय उडी मारेल.

आवाजाचं म्हणाल तर गर्दी नसलेली वेळ मागून घ्या. पहिल्यांदा नुसतं काठावर बसा, पाय भिजले तर भिजले. कपडे, शॉवर, पाणी, टॉवेल अशी चित्रं क्रमाने लावून घरीच दाखवा. बाहेर यायची खूण ठरलेली हवी, नाहीतर रडारड आत जाताना नाही, बाहेर काढताना होते!

दोन_लेकींचा_बाबा:
थोडी भर. धाकटीला डाउन सिंड्रोम आहे. अशा काही मुलांच्या मानेच्या वरच्या दोन मणक्यांमधला सांधा सैल असतो, म्हणून डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय सूर मारू देऊ नका. फिट येणाऱ्या मुलासोबत हाताच्या अंतरावर एक माणूस फक्त त्याच्यासाठी हवा. जीवरक्षक आहे म्हणून निर्धास्त राहू नये.

पाण्याचं तापमानही विचारा. स्पर्धेच्या तलावात ते २५ ते २८ अंश असतं. सेरेब्रल पाल्सीच्या मुलांचे स्नायू गारठ्याने आणखी आखडतात, त्यांना थेरपीचा कोमट तलाव बरा.

बुडबुडे:
मावशी, खूप आभार. एकच शंका. हा पाणी पितो हो! अंघोळीचंसुद्धा.

काठावरची_मावशी:
बरीच पितात. उतरण्याआधी आणि मध्ये मध्ये त्याच्याच बाटलीतलं पाणी द्या. तोंड पाण्याशी नेलं की "फू" म्हणा आणि तुम्हीही फुंका, एकाच वेळी फुंकता आणि पिता येत नाही. तरी घोट घेतच राहिला तर त्या दिवशी बाहेर काढा, रागावू नका. आणि त्या सरांना एवढंच विचारा, शिकवायला पाण्यात उतरता का काठावरून शिट्टी मारता?

बुडबुडे:
काठावरून. दुसरीकडे चौकशी सुरू करते.