मेटासरफेस, पृष्ठतरंग: कोणता शब्द कुठे वापरावा?

विचारणा: मेटासरफेसला, म्हणजे बारीक रचनांच्या मांडणीने प्रकाश हवा तसा वळवणाऱ्या पृष्ठभागाला, 'अधिपृष्ठ' लिहिलं तर चालेल का? की सरळ 'पातळ थर'? आणि सरफेस वेव्ह म्हणजे पृष्ठलहर की पृष्ठतरंग?

प्रतिसाद १: 'पातळ थर' नको. चष्म्यावरचा परावर्तनरोधी लेप हा पातळ थर. त्याचं सगळं गणित जाडीचं. मेटासरफेसचं गणित मांडणीचं. हार्वर्डच्या २०१६ सालच्या भिंगात टायटॅनियम डायऑक्साइडचे ६०० नॅनोमीटर उंचीचे चपटे खांब आहेत. उंची सगळ्यांची सारखी, बदलतो तो कोन. खांब ३०° फिरवला की प्रकाशाची कला (फेज, म्हणजे तरंग आपल्या फेऱ्यात कुठे आहे ते) ६०° सरकते. मात्र प्रकाश वर्तुळध्रुवित हवा, म्हणजे त्याचं विद्युतक्षेत्र गोल फिरत पुढे जाणारं. अध्रुवित, म्हणजे साधा, टाकलात तर निम्माच केंद्रित होतो, उरलेला फाकतो.

प्रतिसाद २: 'अधिपृष्ठ' पटत नाही. मेटा म्हणजे पलीकडचं. आपल्या 'अधि'पासून बनलेलं 'आधिभौतिक' मात्र पंचमहाभूतांशी संबंधित, म्हणजे अलीकडचंच! मेटासरफेसच लिहा, पुल्लिंगी. 'ग्रेटिंग'ही (प्रकाश अनेक शलाकांत विभागणारी समांतर रेघांची जाळी) म्हणू नका. खांबांमधलं अंतर तरंगलांबी भागिले खालच्या काचेचा अपवर्तनांक यापेक्षा कमी लागतं: ५३२ नॅनोमीटर आणि १.४६ घेतले तर ३६४ च्या आत. त्यावर गेलात की नको असलेल्या जास्तीच्या शलाका निघतात, आणि मग ते खरंच ग्रेटिंग होतं.

प्रतिसाद ३: पृष्ठतरंग. तरंगलांबी रुळलेली असताना लहर कशाला? पण अर्थ सांभाळा: पृष्ठभागावर आपटून परतणारा तरंग नव्हे, त्याला चिकटून धावणारा. बीके७ या भिंगकाचेच्या प्रिझमवर ५० नॅनोमीटर सोनं चढवा, आतून ६३३ नॅनोमीटरचा लेसर सोडा. बाहेर हवा असेल तर ४४° च्या आसपास परावर्तन एकदम कोसळतं; ती ऊर्जा पृष्ठतरंगात जाते. परावर्तनातली ही दरी दिसत नसेल तर आधी ध्रुवण बघा; एस-ध्रुवित (विद्युतक्षेत्र पृष्ठभागाला समांतर) असेल तर कितीही कोन फिरवा, काही होणार नाही. सोनं १०० च्या वर गेलं की प्रकाश पलीकडे पोचत नाही. सोनं काचेला चिकटावं म्हणून खाली दिलेला क्रोमियमचा थर दोन-तीनऐवजी दहा नॅनोमीटर झाला तर दरी पसरट होते.

प्रतिसाद २: दोन्ही शब्द एकत्र येतात ते असे: 'मेटासरफेसने पृष्ठतरंग उठवला.' कलेचा ३६०° चा फेरा एका तरंगलांबीपेक्षा कमी अंतरात बसवला, की सरळ येणारा प्रकाश बाहेर न पडता पृष्ठभागालगत वळतो. फुदान विद्यापीठाच्या गटाने २०१२ मध्ये सूक्ष्मतरंगांवर (मायक्रोवेव्ह) हे दाखवलं. पुढे तो वाहून नेणारी जुळती रचना शेजारी लागतेच, नाहीतर बराचसा तिथेच विखुरतो.